क्षारपड रान सुधारायचं कसं: निचरा, जिप्सम आणि पाण्याचा हिशेब

कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठची काळी रानं गेल्या काही दशकांत जिथे जिथे बिघडली, तिथे क्रम जवळपास सारखाच आहे. आधी उपसा सिंचनाचं पाणी आलं, मग बारमाही ऊस आला, मोकाट पाणी सुरू झालं, विहिरीची पातळी वर चढली आणि एका उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरं मीठ फुटलं. नीरा डाव्या कालव्याखाली बारामती भागात हेच ब्रिटिश काळातच दिसून आलं होतं. आता त्यात हवामानाची भर पडली आहे. पाऊस थोड्या दिवसांत जास्त पडतो, पुराचं पाणी रानात आठवडाभर उभं राहतं, आणि पुढचा उन्हाळा आणखी कडक जातो. खालची माहिती खोल काळ्या जमिनीतल्या बागायतदारांसाठी आहे. कोकणातली खारी जमीन हा वेगळा विषय आहे. तिथे मीठ भरतीच्या पाण्याबरोबर येतं आणि उपाय बांध-उघाडीपासून (भरती अडवणारा बांध आणि पाणी बाहेर सोडायचं दार) सुरू होतो, त्यामुळे इथली मापं तिकडे लावू नका.

मीठ येतं कुठून

पाण्यातून. नदीचं चांगलं पाणी, म्हणजे विद्युतवाहकता (ईसी) ०.५ डेसिसायमन प्रति मीटर असलेलं, लिटरमागे सुमारे ३२० मिलिग्रॅम क्षार घेऊन येतं. मोकाट पाण्यावरच्या उसाला वर्षाला २००० मिलिमीटर पाणी दिलं, तर एकरी ८० लाख लिटरच्या वर पाणी होतं आणि त्याबरोबर अडीच टनांवर क्षार रानात उतरतात. तेच पाणी २ ईसीच्या विहिरीचं असेल तर दहा टन. ऊस पाणी पितो, क्षार बहुतेक मागेच ठेवतो. रानाखालून निचरा होत असेल तर हे क्षार खाली निघून जातात. निचरा नसेल तर साठतात, आणि भूजल दीड मीटरच्या आत आलं की केशाकर्षणाने पुन्हा वर चढून पृष्ठभागावर वाळतात.

बदलत्या हवामानाने या हिशेबाच्या दोन्ही बाजू बिघडवल्या आहेत. तापमान वाढलं की बाष्पीभवन वाढतं, पिकाला पाणी जास्त लागतं, म्हणजे क्षारही जास्त येतात. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. तेवढाच पाऊस महिनाभर रिमझिम पडला तर जमीन धुऊन काढतो. दोन दिवसांत कोसळला तर काळी माती फुगून बंद होते आणि पाणी वरून वाहून जातं किंवा साचतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांबद्दल एक गैरसमज आहे की पुराच्या पाण्याने मीठ आणलं. पुराचं पाणी स्वतः फारसं खारट नसतं. खाली निचरा असता तर त्याने रान धुतलंही असतं. निचरा नसल्याने त्याने भूजल वर आणून ठेवलं, आणि खालचे क्षार पुढच्या मार्च ते मेमध्ये वर आले.

आधी रान ओळखा

क्षारपड हा शब्द आपण सगळ्यालाच वापरतो, पण औषध वेगवेगळं आहे. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) ईसी ४ च्या वर, सामू (पीएच) ८.५ च्या खाली आणि विनिमययोग्य सोडियम (ईएसपी, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या मूलद्रव्यांतला सोडियमचा वाटा) १५ टक्क्यांच्या खाली असेल तर जमीन क्षारयुक्त. तिच्यावर पांढरी फुली दिसते आणि माती भुसभुशीत असते. ईसी ४ च्या खाली, सामू ८.५ च्या वर, ईएसपी १५ च्या वर असेल तर चोपण. ती ओली असताना चिकट, वाळली की दगड, आणि तिच्यावर साचलेलं पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं. ईसी आणि ईएसपी दोन्ही वाढलेले असतील तर क्षारयुक्त-चोपण. पुस्तकातली १५ टक्क्यांची रेषा आपल्या काळ्या मातीला मात्र सैल पडते. या मातीतली चिकणमाती फुगणारी असल्याने ईएसपी ८-१० झाली तरी पाणी मुरणं मंदावतं.

नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या, कारण तेव्हा मीठ वर असतं. ०-१५, १५-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंटिमीटर असे चार थर वेगळे काढा, प्रत्येकी अर्धा किलो. सगळं एकत्र मिसळून दिलं तर वरचं मीठ खालच्या मातीत लपतं आणि अहवाल "मध्यम" येतो, ज्याचा काही उपयोग नाही. प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा. पहिली, ईएसपी काढून देणार का? नेहमीच्या तपासणीत ती नसते. दुसरी, ईसी संपृक्त अर्काची आहे की १:२.५ द्रावणाची? दुसऱ्या पद्धतीत पाणी जास्त असल्याने आकडा लहान येतो. काळ्या रानात संपृक्त अर्काची ईसी त्याच्या साधारण अडीच ते साडेतीन पट असते. "माझी ईसी फक्त दीड आहे" असं समाधान मानणारे बरेच जण प्रत्यक्षात ४ च्या पुढे असतात.

घरची एक तपासणीही करा. काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर घ्या आणि शेंगदाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ हलकेच सोडा. ढवळू नका. दोन तासांनी आणि पुन्हा चोवीस तासांनी बघा. ढेकूळ फुटून तळाशी बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर सोडियमचा त्रास नाही. ढेकळाभोवती दुधासारखं वलय पसरलं तर चोपण आहे. विहिरीच्या पाण्यात ही तपासणी करू नका, त्यातले क्षार वलय येऊ देत नाहीत. क्षारयुक्त-चोपण मातीतही तिच्या स्वतःच्या मिठामुळे वलय कधी कधी येत नाही, म्हणून अशा मातीला ईएसपीचा अहवालच खरा.

भूजल मोजायला निरीक्षण नळी बसवा. दोन मीटर लांबीची ५० मिलिमीटर पीव्हीसी नळी घ्या, खालच्या दीड मीटरला छिद्रं पाडा, बाहेरून जाळी गुंडाळा आणि ऑगरने (माती पोखरायच्या गिरमिटाने) पाडलेल्या भोकात उभी करा. भोवती वाळू भरा, वरचे वीतभर मातीने घट्ट दाबा, तोंडाला टोपण लावा. दर पंधरवड्याला काठी घालून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहा. एकरात एक पुरेशी आहे, पण पाटाच्या बाजूला एक आणि ओढ्याच्या बाजूला एक असेल तर पाणी कुठून येतंय तेही कळतं.

निचरा: पहिलं काम आणि सगळ्यात मोठं

निचऱ्याशिवाय जिप्सम टाकणं आणि निचऱ्याशिवाय रान धुणं, दोन्ही पैसे पाण्यात घालणं आहे. धुतलेलं मीठ जायला वाट नसेल तर ते भूजलात जातं, भूजल आणखी वर येतं आणि वर्षभरात आधीपेक्षा वाईट स्थिती होते.

वरच्या अंगाला कालवा किंवा शेततळं पाझरत असेल तर सुरुवात तिथून करा. रानाच्या वरच्या कडेला आडवा चर, दीड ते दोन मीटर खोल, आणि त्याला नाल्यापर्यंत उतार. नळीतली पातळी कालव्याच्या आवर्तनाबरोबर चढत-उतरत असेल तर दोष पाझराचा आहे. अशा ठिकाणी नुसत्या या चराने निम्मं काम होतं. कडेला निलगिरी लावली तर ती पाणी ओढते, मीठ नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

रानाच्या आत सच्छिद्र पाईपची भूमिगत निचरा प्रणाली घालायची. पन्हाळीदार, छिद्रं असलेली ८० मिलिमीटर पीव्हीसी पाईप, वर कृत्रिम धाग्याचं फिल्टर गुंडाळलेली. खोली १ ते १.२५ मीटर, दोन ओळींतलं अंतर खोल काळ्या जमिनीत साधारण २५ मीटर. या अंतराने एकराला सुमारे १६० मीटर पाईप लागते. माती फारच जड असेल तर अंतर २० वर आणा, थोडा चुनखडीचा किंवा मुरमाड थर खाली असेल तर ३० चालतं. हे अंतर शेजाऱ्याचं बघून ठरवू नका. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने याच भागात या पद्धतीवर काम केलं आहे, त्यांच्याकडून किंवा जाणकार अभियंत्याकडून मातीची पाणी वाहण्याची क्षमता मोजून घ्या. या ओळी १६० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या मुख्य पाईपला मिळतात आणि ती ओढ्यात किंवा नाल्यात उघडते.

उतार १०० मीटरला २० सेंटिमीटर ठेवा. जागा सपाट असेल तर १० पर्यंत खाली येता येईल, पण तेव्हा लेव्हल मशीन किंवा लेझरशिवाय काम करू नका. जेसीबीवाल्याच्या नजरेचा अंदाज इथे चालत नाही. एका जागी पाईप पाच सेंटिमीटर उलटी बसली तर तिथे गाळ साचतो आणि त्याच्या वरची सगळी ओळ निकामी होते.

कामाचा क्रम असा: काम एप्रिल-मेमध्ये, माती कोरडी असताना. ओल्या मातीत चर काढला की बकेटने भिंती लिंपल्या जातात आणि पाणी पाईपपर्यंत पोहोचतच नाही. खणायला सुरुवात नाल्याच्या तोंडापासून करून वर जा, म्हणजे मध्येच पाणी लागलं तरी ते वाहून जातं. मुख्य पाईपला ओळ जिथे मिळते तिथे तपासणी-कुंडी बांधा आणि तिचा तळ पाईपच्या ३० सेंटिमीटर खाली ठेवा, गाळ त्यात बसेल. पाईपवर आधी वरच्या थरातली भुसभुशीत माती फूटभर हाताने टाका, मग मशीनने चर बुजवा. चोपण ढेकळं थेट पाईपवर पडली तर फिल्टर एका पावसात लिंपलं जातं. ओळीच्या जवळ बाभूळ, निलगिरी असतील तर तेवढ्या भागात बिनछिद्राची पाईप वापरा, मुळं छिद्रातून आत शिरतात.

सगळ्यात जास्त योजना फसतात त्या तोंडाशी. पाईपचं तोंड नाल्याच्या तळापासून किमान फूटभर वर हवं, पण पावसाळ्यात नाला भरला की ते बुडतंच. तिथे एका बाजूने उघडणारी झडप बसवा, नाहीतर पुराचं पाणी उलटं रानात शिरतं. नालाच गाळाने भरला असेल तर आधी तो उपसावा लागतो, आणि तो एका शेतकऱ्याच्या हातचा नसतो. म्हणून हे काम गटाचं आहे. शिरोळच्या दत्त कारखान्याने गावागावांतल्या सभासदांना एकत्र करून सामाईक मुख्य पाईपलाईन नदी-नाल्यापर्यंत नेण्याची पद्धत उभी केली, तिचं महत्त्व इथेच आहे. एकट्या दोन एकरवाल्याने स्वतःच्या बांधात पाईप घातली आणि पुढे वाट नसली तर शेवटी विहीर खणून पंपाने पाणी उपसावं लागतं, आणि वीज नसेल त्या आठवड्यात सगळं बंद.

पैसा कमी असेल तर मोल निचरा बघा. ट्रॅक्टरमागे टोकदार लोखंडी गोळा ४० ते ६० सेंटिमीटर खोलीवर ओढून चिकणमातीत पोकळ बीळ तयार करतात, साधारण चार मीटरच्या अंतराने. त्यासाठी मातीत चिकण ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त हवी आणि खालचा थर ओलसर हवा, नाहीतर बीळ ढासळतं. साधारण तीन वर्षांनी पुन्हा ओढावं लागतं. साचलेलं पाणी काढायला उत्तम, पण भूजलच मीटरभरावर असेल तर एकट्याने पुरत नाही.

जिप्सम: किती, कधी, कुणाला नाही

नुसत्या क्षारयुक्त रानाला जिप्सम लागत नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, कारण गाडीच्या गाडी तिथे रिकामी होते. जिप्सममधलं कॅल्शियम मातीला चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं. सोडियमच जास्त नसेल तर ते फक्त आणखी एक मीठ आहे.

चोपण रानाचा हिशेब असा: १५ सेंटिमीटर थरातून १०० ग्रॅम मातीमागे एक मिलिइक्विव्हॅलंट सोडियम हटवायला एकरी सुमारे ६८० किलो शुद्ध जिप्सम लागतं. समजा मातीची विनिमय क्षमता (१०० ग्रॅम माती किती मिलिइक्विव्हॅलंट धरून ठेवते ते) ५० आहे आणि ईएसपी १८ वरून ८ वर आणायची आहे. ५० च्या १० टक्के म्हणजे ५ मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे ३.४ टन. बाजारातलं जिप्सम ८० टक्के शुद्ध असेल तर सव्वाचार टन. सगळं एकदम टाकायची गरज नाही. निम्मं पहिल्या वर्षी, उरलेलं माती पुन्हा तपासून.

मेअखेर रान सपाट करून बारीक जिप्सम (२ मिलिमीटरच्या चाळणीतून जाणारं) फोकून टाका आणि रोटाव्हेटरने वरच्या १०-१५ सेंटिमीटरमध्येच मिसळा. खोल नांगराने गाडलं तर ते हवं त्या थरात राहत नाही. जिप्सम लिटरला दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, म्हणून त्याला भरपूर पाणी लागतं. वाफे पाडून पहिले पाऊस अडवा. सोबत कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) किंवा शेणखत एकरी पाच-सहा टन दिलं तर माती मोकळी राहते आणि पाणी लवकर मुरतं. डिस्टिलरीचं स्पेंटवॉश (मद्यार्क गाळल्यावर उरलेलं सांडपाणी) मात्र फुकट मिळतंय म्हणून सोडू नका, ते स्वतःच अतिशय खारट असतं.

आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुबलक असते, तेव्हा गंधकही चालतं. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवतं आणि कॅल्शियम मोकळं होतं. एक टन जिप्समच्या जागी सुमारे १९० किलो गंधक. पण या जिवाणूंना हवा लागते, त्यामुळे पाणथळ रानात गंधक तसंच पडून राहतं. इथेही आधी निचरा.

रान धुणं

नियम साधा आहे: जेवढ्या खोलीची माती धुवायची तेवढ्याच उंचीचं पाणी तिच्यातून आरपार जावं लागतं, तेव्हा सुमारे ८० टक्के क्षार निघतात. फूटभर मातीला एकरी साधारण १२ लाख लिटर. पाणी आरपार गेलं पाहिजे. वरून उडालेलं यात धरायचं नाही.

काळ्या रानात एकदम तळं करून ठेवू नका. मेमधल्या भेगाळ मातीवर पाणी सोडलं की ते भेगांतून सरळ खाली जातं, पाईपच्या तोंडाला पाणी दिसतं, माणूस खूश होतो, आणि ढेकळाच्या पोटातलं मीठ जागच्या जागी असतं. आधी हलकी मशागत करून भेगा बुजवा, मग १०-१५ गुंठ्यांचे सपाट वाफे, ३० सेंटिमीटर उंचीचे बांध, आणि सात-आठ सेंटिमीटरच्या पाळ्या. दोन पाळ्यांच्या मध्ये माती वाफशाच्या जवळ येऊ द्या. पाईपच्या तोंडाच्या पाण्याची ईसी खिशातल्या मीटरने दर आठवड्याला मोजा. सुरुवातीला ती चढते, मग उतरू लागते. उतरणं थांबलं की धुणं थांबवा, पुढचं पाणी फक्त नत्र वाहून नेतं.

क्षारयुक्त-चोपण रानात जिप्समशिवाय धुतलं तर घात होतो. मातीचे कण मिठामुळेच एकत्र धरलेले असतात. मीठ निघतं, सोडियम राहतो, कण विस्कटतात, आणि रान एका हंगामात पक्कं चोपण होतं. तिथे जिप्सम आधी, पाणी नंतर.

पाणी देण्याची रीत

ठिबक लावलं म्हणजे मीठ गेलं असं नाही. ठिबकने पाणी कमी लागतं म्हणून मीठ कमी येतं, पण आलेलं मीठ ठिबकखालच्या ओल्या गोलाच्या कडेला गोळा होतं. पहिला वळवाचा पाऊस ते थेट मुळांवर लोटतो. म्हणून पाऊस सुरू असताना ठिबक बंद करू नका. पहिल्या ५०-६० मिलिमीटरपर्यंत चालू ठेवा, वेडेपणा वाटला तरी. सरीत पाणी देत असाल तर कांडी किंवा रोप वरंब्याच्या माथ्यावर नको, बगलेला लावा. मीठ माथ्यावर जमतं.

विहीर-बोअरचं पाणी दर मेमध्ये तपासा, दुष्काळी वर्षात तर नक्कीच, कारण पातळी खोल गेली की ईसी चढते. ०.७५ पर्यंत निर्धास्त, २.२५ च्या वर फक्त सोशिक पिकाला. आरएससी, म्हणजे उर्वरित सोडियम कार्बोनेट, १.२५ च्या खाली हवं. २.५ च्या वर असलं तर ते पाणी चांगलं रान चोपण करतं. आरएससीचा एक एकक मारायला ७५ मिलिमीटरच्या एका पाळीमागे एकरी सुमारे २६ किलो जिप्सम लागतं. ते हौदात पोत्यात टांगून पाणी त्यावरून सोडा. नदीचं आणि बोअरचं पाणी दोन्ही असेल तर उगवण आणि फुटव्याच्या काळात नदीचं, नंतर बोअरचं.

पाळी कॅलेंडरवर देऊ नका. पूर येऊन गेल्यावर भूजल ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वर राहतं. नळीत पाणी मीटरभरावर दिसत असताना पाळी देणं म्हणजे मीठ वर बोलावणं. खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरा. उघडी, तापलेली माती झाकलेल्या मातीपेक्षा कितीतरी जास्त क्षार वर ओढते.

सुधारत असताना पीक कोणतं

ऊस हे मिठाला नाजूक पीक आहे. १.७ ईसीनंतर दर एककाला सुमारे सहा टक्के उत्पादन घटतं, म्हणजे ६ ईसीला चौथा हिस्सा गेला. कांदा १.२ आणि द्राक्ष १.५ लाच घटायला लागतात. सोयाबीन ५ पर्यंत टिकतं, पण पुढे दर एककाला वीस टक्क्यांनी कोसळतं. गहू ६, ज्वारी ६.८, शुगरबीट ७ आणि कापूस ७.७ पर्यंत फारसा हलत नाही. पहिल्या पावसाळ्यात धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, एकरी १६-२० किलो बी, आणि ४५-५० दिवसांनी फुलावर येण्याआधी गाडा. ताग इथे चालत नाही, त्याला मीठही सोसत नाही आणि साचलेलं पाणीही. मग रब्बीत गहू. पुढच्या एप्रिलला ०-३० सेंटिमीटरची ईसी ३ च्या खाली आली असेल तर उसाची लागण करा. नत्र नेहमीपेक्षा पाव हिस्सा जास्त द्या, युरियाऐवजी शक्य तेवढं अमोनियम सल्फेटमधून. पालाशासाठी म्युरेट टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, जस्त आणि लोह माती परीक्षणानुसार.

प्रणाली बसल्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी कुंड्यांतला गाळ काढा, झडप हलवून बघा, तोंडापुढचा नाला मोकळा करा. एखाद्या ओळीवरचं रान शेजारच्या ओळीपेक्षा उशिरा वाफशावर येऊ लागलं तर ती ओळ तुंबली आहे. वरच्या टोकाकडून दाबाने पाणी सोडून ती धुवा. भूजल एकदा दीड मीटरखाली स्थिरावलं आणि ईसी आवाक्यात आली की पावसाने ताण दिलेल्या काळात पाईपचं तोंड काही दिवस बंद ठेवता येतं, म्हणजे ओल आणि खत रानातच राहतं. जोराचा पाऊस अंदाजात दिसला की आदल्या दिवशीच ते उघडा.